मुंबईची ‘सुहेली’ आणि कण्याजवळची फट

बीडमध्ये समुद्र कुठंय, मग शिडाच्या होडीची गोष्ट कशाला, असं वाटेल तुम्हाला. पण तडा आपल्याला नवा नाही. काळ्या मातीवरचं घर बघा. उन्हाळ्यात जमीन आकसते, पावसाळ्यात फुगते आणि भिंत तडकते. सिमेंट लिंपलं, रंग दिला, तरी पुढच्या वर्षी तडा तिथंच! कारण फट बुजली, हालचाल तशीच राहिली.

होडीचंही तेच. होडीच्या तळाशी मधोमध जो कणा असतो, त्याला कील म्हणतात. वाऱ्यानं होडी कलली की तिला सावरायचं काम कीलचं. म्हणजे मोठा ताण येतो तो कील आणि होडीचं अंग जिथं जुळतं त्या सांध्यावर.

आता गोष्ट. ‘सुहेली’ ही ३२ फुटी सागवानी होडी मुंबईत बांधली गेली आणि १९६४ मध्ये पाण्यात उतरली. १४ जून १९६८ ला रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा इंग्रज खलाशी तिच्यातून एकटाच निघाला, कुठंही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करायला. अटलांटिकमध्ये होडीत पाणी यायला लागलं. उडी मारून खालून बघितलं, तर कण्याजवळच्या फळीची फट सुटलेली, आणि होडी डुलली की ती उघडमीट करतीय!

आधी त्यानं फटीत कापूस ठोकून बघितला. पण श्वास संपायचा, कापूस निघून यायचा. मग त्यानं डोकं चालवलं. कॅनव्हासच्या पट्टीवर कापूस शिवला, डांबर लावलं आणि ती पट्टी तांब्याच्या चुकांनी पाण्याखाली ठोकली. वरून तांब्याचा पत्रा. मध्ये शार्क आला, त्याला गोळी घालावी लागली. पण गळती आटोक्यात आली. २२ एप्रिल १९६९ ला, ३१२ दिवसांनी तो परतला. शर्यतीत नऊ जण निघाले होते, पूर्ण करणारा हा एकटाच.

आता दुसरी बाजू. ‘चीकी रफिकी’ ही फायबरची होडी. मे २०१४ मध्ये अटलांटिकमध्ये तिची कीलच निखळली, चार खलाशी गेले. तळ आधी जमिनीला घासला होता, नंतर दुरुस्त्या झाल्या होत्या. त्यातून आतली जोडणी कमजोर झाली असावी, असं ब्रिटिश तपास अहवाल सांगतो. म्हणजे बाहेरून दिसणारी बारीक रेघ नुसत्या लांबीची असू शकते, किंवा आतला बोल्ट सैल झाल्याची खूणही असू शकते. आत बघितल्याशिवाय कळत नाही.

म्हणून घराच्या भिंतीवर तडा दिसला तर लगेच रंग मारू नका. दोन्ही टोकांना पेन्सिलीनं खूण करा, तारीख लिहा, मोबाईलवर फोटो काढा. महिन्यांनी परत बघा. खुणेच्या पुढं सरकला असेल, तर जाणकार इंजिनिअरला दाखवा. ऊसाच्या ट्रॉलीच्या सांध्याला चीर दिसली, तर मात्र वाट बघू नका. माल भरण्याआधीच वेल्डरकडं न्या. ट्रॉलीवर माणसं बसतात, राव!

तुमच्याकडं असा तडा कुठं आहे? आम्हाला व्हॉइस नोट पाठवा. भेटू पुढच्या भागात!