मशीन गहाळ कसे होईल?



कवी माणसाने आकडेवारीवर बोलू नये, असा एक समज आहे. कवीने मात्रा मोजाव्यात, फार तर पावसाळे मोजावेत. तरीही आज मी तुमच्याशी देशातले पोलीस, त्यांच्यावरचा खर्च आणि गुन्ह्यांचे आकडे यांविषयी बोलणार आहे. त्याला कारण आहे एक शिलाई मशीन.

२००९ सालच्या गणपतीतली गोष्ट. माझी धाकटी बहीण तालुक्याच्या गावी राहते. नवरा लवकर गेला, पदरात सात वर्षांची मुलगी. ब्लाउज-परकर शिवून तिचे घर चालायचे. एका रात्री मागच्या दाराची कडी तोडून चोराने तिचे मशीन नेले. सोबत गिऱ्हाइकांचे कापडही नेले. सकाळी मी तिला घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे कुठले ते सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या हवालदारांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "चोरी कशाला लिहिता? गहाळ लिहून द्या. दाखला लगेच देतो."

मी म्हणालो, "हवालदारसाहेब, छत्री गहाळ होते, रेशनकार्ड गहाळ होते. कडी तोडून मशीन गहाळ कसे होईल?"

ते हसले नाहीत. त्यांचे डोळे तांबारलेले होते. तीन रात्री ते मिरवणुकांच्या बंदोबस्तावर होते. म्हणाले, "आज ठाण्यात आम्ही तिघंच आहोत. गुन्हा लिहिला की पंचनामा आला, तपास आला, कागद आले. कोण करणार, तुम्हीच सांगा." बहिणीने माझी बाही ओढली. गहाळचा दाखला घेऊन आम्ही घरी आलो. मशीन काही मिळाले नाही. गिऱ्हाइकांच्या कापडाचे पैसे तिने दोन वर्षे फेडले.

म्हणजे २००९ साली देशात किती घरफोड्या झाल्या, हे सांगणाऱ्या सरकारी आकड्यात माझ्या बहिणीची घरफोडी नाही. हे लक्षात आले आणि मी ते आकडे वाचू लागलो.

आपल्याकडे देशभरच्या गुन्ह्यांचा हिशेब १९५३ सालापासून छापला जातो. १९८६ साली राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, स्थापन झाला, तेव्हापासून हे काम त्या विभागाकडे आहे. १९५३ साली भारतीय दंड संहितेखाली नोंदलेले गुन्हे होते सुमारे सहा लाख. २०११ साली ते तेवीस लाखांवर गेले, २०२२ साली पस्तीस लाखांवर. लोकसंख्या या काळात साडेतीन पटींहून अधिक वाढली, हे विसरायचे नाही.

आता यातले दोनच गुन्हे बाजूला काढू, खून आणि घरफोडी. १९५३ साली खून झाले दहा हजारांच्या आत-बाहेर. २०११ साली चौतीस हजारांवर. लोकसंख्या तिपटीहून थोडी वाढली, खूनही जवळपास त्याच बेताने वाढले. पण घरफोड्या? १९५३ साली सुमारे एक लाख सत्तेचाळीस हजार आणि २०११ साली साडेब्याण्णव हजार. देशात माणसे तिपटीने वाढली, घरे वाढली, घरात टीव्ही आले, दागिने आले, आणि घरफोड्या मात्र एक तृतीयांशाहून जास्त कमी झाल्या!

कुडाच्या भिंती जाऊन पक्की घरे आली, कुलपे चांगली आली, हे खरे. काही घट त्यामुळे झालीच असेल. पण सगळी घट कुलपांनी केली, असे मला वाटत नाही. काही घट लेखणीनेही केली आहे. खून लपवता येत नाही. प्रेत पडलेले असते, गाव गोळा झालेले असते. शिलाई मशीनचे प्रेत पडत नाही. ते गहाळ करता येते.

म्हणून गुन्ह्याचा आकडा वाचताना हे ध्यानात ठेवावे की तो घडलेल्या गुन्ह्यांचा आकडा नसून लिहिलेल्या गुन्ह्यांचा आकडा असतो. एनसीआरबीच्या अलीकडच्या अहवालांतही स्पष्ट सांगितलेले असते की, गुन्हे वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. २०२० साल आठवा. कोरोनाची टाळेबंदी होती. त्या वर्षी गुन्ह्यांचा आकडा एकदम फुगला. कारण? सरकारी आदेश मोडल्याचे खटले आदल्या वर्षी तीस हजारांच्या आत होते, ते सहा लाखांवर गेले. देश एका वर्षात गुन्हेगार झाला नव्हता. माणसे दूध आणायला बाहेर पडली होती.

दुसरे उदाहरण वेदनेचे आहे. डिसेंबर २०१२ मध्ये दिल्लीत जे घडले, त्याने देश हादरला. २०१२ साली बलात्काराचे सुमारे पंचवीस हजार गुन्हे नोंदले गेले होते. २०१३ साली ते तेहतीस हजारांवर गेले. त्या वर्षी कायद्यातली व्याख्या रुंदावली होती, हा त्यातला एक भाग. पण पूर्वी ज्या बायका ठाण्याची पायरी चढत नव्हत्या, त्या चढू लागल्या, हा दुसरा भाग, आणि माझ्या मते तो मोठा. अशा वेळी वाढलेला आकडा ही वाईटच बातमी, असे कसे म्हणता येईल?

आता खुनाकडे परत येऊ, कारण तो आकडा त्यातल्या त्यात विश्वासाचा. १९९२ साली देशात चाळीस हजारांवर खून झाले, लाख माणसांमागे साडेचारच्या वर. २०२२ साली ते साडेअठ्ठावीस हजारांवर आले, लाखामागे सुमारे दोन. तीस वर्षांत प्रमाण निम्म्याहून खाली आले. टीव्हीवरच्या बातम्या बघून ज्यांना झोप लागत नाही, त्यांनी हा आकडा उशाशी ठेवावा.

मग पोलीस किती आहेत? पोलीस हा आपल्या राज्यघटनेप्रमाणे राज्यांचा विषय, त्यामुळे राज्याराज्यांत फरक पडतो. सगळ्या देशाचा हिशेब असा, की १ जानेवारी २०२० रोजी मंजूर जागा होत्या सव्वीस लाखांवर आणि प्रत्यक्षात माणसे होती एकवीस लाखांच्या आत. पाच खुर्च्यांतली एक रिकामी. लाख लोकांमागे मंजूर पोलीस १९५, हजर १५६. २०१६ साली तर हजर पोलीस १३७ च होते, म्हणजे थोडी सुधारणा झाली होती. महिला पोलीस २०१४ साली सहा टक्के होत्या, २०२० साली दहा टक्के. आणि राज्यांच्या पोलीस दलांत शंभरातले सुमारे पंच्याऐंशी जण शिपाई आणि हवालदार या पायरीचे. ज्यांच्यावर आपण 'पांडू हवालदार' पाहून हसलो, तेच हे लोक.

या लोकांपैकी एक माझे खालू होते. खालू म्हणजे मावशीचे यजमान. मुंबई पोलिसांत शिपाई, नायगावच्या पोलीस लाइनीत राहायला. एका खोलीत सहा माणसे. ईदला खालू घरी असल्याचे मावशीला आठवत नसे. ईदला बंदोबस्त, दिवाळीला बंदोबस्त, गणपतीला तर दहा दिवस घराचे तोंड दिसायचे नाही. ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी आंदोलन केले. कामाचे तास, पगार, घर, साहेबांच्या घरची कामे, अशी त्यांची गाऱ्हाणी होती. पोलिसांवरच बंदोबस्त ठेवायला बाहेरची दले आणावी लागली. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. मावशीने आम्हा मुलांना दोन दिवस खोलीबाहेर पडू दिले नाही, एवढे आठवते.

त्या गाऱ्हाण्यांतली तासांची गोष्ट अजून सुटलेली नाही. २०१४ साली पोलीस ठाण्यांचा देशव्यापी अभ्यास झाला. दहांतले नऊ कर्मचारी रोज आठ तासांहून जास्त काम करत होते. जवळजवळ पाऊण जणांना महिन्यात एकदासुद्धा साप्ताहिक सुट्टी मिळत नव्हती. मुंबईत देवनार ठाण्यात २०१६ साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तेव्हा ती बातमी झाली होती. गिरणी कामगाराला जे कधीच मिळाले, ते पोलिसाला मिळाले की बातमी होते!

खर्चाचे म्हणाल, तर केंद्र आणि राज्ये मिळून सरकारी खर्चातला जेमतेम तीन टक्के वाटा पोलिसांवर जातो. त्यातला मोठा भाग पगारात संपतो. प्रशिक्षणाला शंभरातले दोन रुपयेसुद्धा मिळत नाहीत. माणूस एकदा भरती केला, की तीस-पस्तीस वर्षे त्याने त्याच शिदोरीवर काढायची. १९७७ साली धरमवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला गेला, त्याने १९८१ पर्यंत आठ अहवाल दिले. २००६ साली प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सात निर्देश दिले. कागद कमी पडलेले नाहीत.

उमेदवार तरी कमी आहेत का? २०२४ साली महाराष्ट्रात पोलीस भरती झाली. जागा सुमारे सतरा हजार, अर्ज सतरा लाखांवर. एका जागेला शंभर. पहाटे मैदानावर धावणारी ही पोरे तुम्हीही पाहिली असतील. तेव्हा रिकाम्या खुर्च्यांचे कारण माणसांची टंचाई हे नाही. मंजुरी, पैसा आणि वेळेवर भरती यांची ती टंचाई आहे.

आणि आता मला जे सांगायचे आहे ते सांगतो. उद्या सगळ्या खुर्च्या भरल्या, हवालदाराला आठ तासांनी घरी जाता आले, तर पहिल्या दोन-चार वर्षांत गुन्ह्यांचा आकडा कमी होणार नाही. तो वाढेल. कारण लिहायला हात मिळतील, तपासाला माणूस मिळेल आणि गहाळ झालेली मशिने पुन्हा चोरीची होतील. त्या वेळी आपण काय करणार? विधिमंडळात गोंधळ घालणार, 'गुन्हेगारी वाढली' म्हणून मथळे देणार, अधिकाऱ्याची बदली मागणार? तसे केले, तर पुढचा अधिकारी शहाणा होईल आणि लेखणी पुन्हा म्यान होईल. आकडा कमी दाखवणाऱ्याला आपणच शाबासकी देत आलो आहोत. त्या हवालदारांना मी बरीच वर्षे दोष दिला. आज त्यांच्या वाट्याइतकाच माझा वाटा मोजतो.

तेव्हा नागरिक म्हणून एवढे करावे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की तो नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिताकुमारी खटल्यात सांगितले आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला, तरी कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते. प्रत फुकट मिळते, ती मागून घ्यावी. नोंदवून घेतले नाही, तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते. चोरीला चोरीच म्हणावे. बाही ओढली गेली तरी उठू नये. मी उठलो, याची खंत आहे.

माझी ती सात वर्षांची भाची आता तेविशीत आहे. आठशे मीटर धावली, गोळा फेकला, लेखी परीक्षा दिली आणि पोलीस झाली. तिची नेमणूक झाली त्या दिवशी माझी बहीण तिला एवढेच म्हणाली, "कुणी बाई मशीन गेलं म्हणून आली, तर गहाळ लिहू नकोस."

गेल्या गणपतीनंतर भाची घरी आली. चार रात्रींचे जागरण होते, डोळे तांबारलेले. मी तिला आईच्या सांगण्याची आठवण दिली. ती म्हणाली, "मामू, लिहीन मी. पण लिहिणाऱ्याला रात्री घरी जाऊ द्या, हेही कुणाला तरी सांगा."

म्हणून आज तुम्हाला सांगितले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)