बक्षिसी नको, देणं द्या

(गुहागर तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत, मे महिन्यात गावी आलेल्या मुंबईकर पोरांसमोर केलेलं भाषण. टिपणांवरून.)



मला सांगितलं होतं की पोरं मुंबईहून आलीत, त्यांच्यासमोर चळवळीवर बोला. मी शिडीवर बोलणार आहे. लाकडी शिडी, आठ पायऱ्यांची, तिसरी पायरी सुतळीनं बांधलेली.

माझा बाप फोर्टमधल्या एका खाजगी कंपनीच्या ऑफिसात शिपाई होता. वीस वर्षं. १९८७ साली साहेबाला कुठली तरी जुनी फाईल हवी झाली. ती माळ्यावर. बाप चढला, सुतळी सुटली, बाप खाली आणि त्याच्यावर फायलींचा गठ्ठा. खुब्याचं हाड मोडलं. तीन महिने सरकारी इस्पितळात. चालायला लागला तेव्हा एक पाय आखूड झालेला. मग साहेबानं केबिनमध्ये बोलावलं. म्हणाला, बस. वीस वर्षांत त्या केबिनमधल्या खुर्चीवर माझा बाप पहिल्यांदा बसला. समोर एक पाकीट, पाकिटात पाचशे रुपये, आणि एक इंग्रजी कागद. सही कर. त्यानं केली. पुढच्या महिन्यात शिडी चढता येत नाही म्हणून नोकरी गेली.

रात्रीच्या एसटीनं गुहागरला आला आणि माझ्या आयेला म्हणाला, ‘सायेब देवमानूस हाय. खुर्चीत बसवलान मला.’

त्या खुर्चीची किंमत मी फार उशिरा काढली. तो कागद बापाच्या ट्रंकेत सापडला. त्यात लिहिलेलं : मला झालेल्या इजेबद्दल माझी कंपनीवर कसलीही मागणी उरलेली नाही. आणि गंमत बघा, हा कागद ज्या दिवशी टाईप झाला त्या दिवशीही तो रद्दीच होता. कामगार भरपाई कायदा १९२३ सालचा. त्याचं सतरावं कलम सांगतं, कामगारानं भरपाईचा हक्क सोडला असा कुठलाही करार रद्दबातल. म्हणजे चौसष्ट वर्षं हा कायदा होता. साहेबाला ठाऊक असणार, त्याच्या वकिलाला तर नक्कीच. माहीत नव्हतं ते फक्त माझ्या बापाला. आणि मागणी करायची मुदत दोन वर्षांची. ती त्या ट्रंकेत कागदाबरोबर घडी घालून पडून राहिली.

तुम्ही म्हणाल, ऑफिसात कसला आलाय अपघात? अपघात गिरणीत, गोदीत, खाणीत. मराठी कथेनं आपल्याला हेच शिकवलं. तिच्यातलं ऑफिस म्हणजे कारकुनाची उदासी, पंखा, टाईपरायटर, पगाराची तारीख. शिपाई तिथं बेल वाजली की येतो, चहा ठेवतो आणि पुढच्या ओळीत नाहीसा होतो. तो शिडीवर चढतो, ओल्या जिन्यावरून कपबश्या नेतो, काच पुसायला खिडकीबाहेर वाकतो, तुंबलेल्या संडासाचं झाकण उघडतो, हे त्या कथेत येत नाही. कारण लिहिणारा खुर्चीवर होता.

कायदाही काही वेगळा नव्हता. त्याच्याकडं यादी होती, कोण पडला तर तो पडणं मोजायचं त्याची. कारकुनी काम करणारे त्या यादीतल्या अनेक नोंदींतून वगळलेले. साहेबांना वाटायचं, टेबलावर बसून माणूस मरत नाही. २००९ च्या दुरुस्तीनं ते शब्द काढले. ती १८ जानेवारी २०१० पासून लागू झाली आणि कायद्याचं नावही ‘कर्मचारी भरपाई’ असं बदललं. त्याआधी, डिसेंबर २००० पर्यंत, मालकाच्या धंद्याबाहेरच्या कामासाठी किरकोळ म्हणून बोलावलेला माणूसही वगळलेला होता. किरकोळ! म्हणजे कोण, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडं मुंबईच्या दुकाने व आस्थापना कायद्यात ३८-अ कलम घातलं गेलं आणि भरपाईचा कायदा ऑफिसातल्या नोकरांनाही लागला. माझा बाप त्यात बसत होता.

आता इथं, गुहागरात, हे का सांगतोय? कारण या मातीत पाकिटाची सवय जुनी आहे. आपले आजे-पणजे खोताच्या अंगणात उभे राहायचे. पीक त्यांनीच काढलेलं, पण पावसाळ्यात खोतानं दोन पायल्या भात दिलं की खोत देवमाणूस. स्वतःचंच भात, पण मिळालं दया म्हणून. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ ला मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करायचं बिल मांडलं, १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी कौन्सिल हॉलवर चालून गेले, आणि खोती नाहीशी करणारा कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं. खोत गेला. पण चाकरमानी ऑफिसात गेला तेव्हा अंगणात उभं राहायची रीत बरोबर घेऊन गेला. साहेबाच्या टेबलावरचं पाकीट म्हणजे तीच दोन पायली.

बक्षिसीला तारीख नसते, व्याज नसतं, आणि ती घेतली की मान खाली जाते. देण्याला तारीख असते. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका सुताराच्या खटल्यात हे साफ सांगितलं. डावा हात कोपराच्या वर कापला गेलेला. मालक म्हणतो, एक हात शाबूत आहे, पूर्ण निकामी कसा? आयुक्त म्हणाले, एका हातानं सुतारकाम होतं का? कोर्टानं ते उचलून धरलं, आणि वर सांगितलं की भरपाई देणं लागतं ते अपघाताच्या दिवसापासून. निकालाच्या दिवसापासून नव्हे. म्हणजे माझा बाप फरशीवर पडला त्या मिनिटाला कंपनी त्याची देणेकरी झाली होती. साहेब खुर्ची देत होता ती देणेकऱ्यानं सावकाराला दिलेली खुर्ची होती, बाप्पा!

आता आजचं. समोर एक पोरगा बसलाय, नाव घेत नाही. त्याचा उजवा हात खिशात आहे. मुंबईतल्या एका ऑफिसांच्या इमारतीत तो ठेकेदाराकडून मालाची लिफ्ट चालवायचा. मार्च २०२५ मध्ये जाळीच्या दारात अंगठा गेला, मुळापासून. ठेकेदारानं पाच हजार दिले, सही घेतली, आणि म्हणाला, तुझीच चूक, बघून ओढायचं होतंस.

पहिली गोष्ट, चूक कुणाची हा प्रश्न इथं येतच नाही. काम करताना, कामामुळं इजा झाली, एवढं पुरे. माणूस प्यालेला होता किंवा सुरक्षिततेचा नियम त्यानं जाणूनबुजून मोडला, असं मालकानं सिद्ध केलं तर गोष्ट वेगळी. आणि मृत्यू झाला किंवा माणूस कायमचा पुरता निकामी झाला तर तीही सबब चालत नाही. दुसरी, ती सही रद्दी. तिसरी, ठेकेदार पळाला तरी काम ज्याच्या धंद्याचा भाग होतं त्या मूळ मालकाकडं मागता येतं. तो हे काम आपल्या धंद्याचं नव्हेच म्हणून भांडेल. भांडू दे. १९२३ च्या यादीत लिफ्ट अगदी वरच होती.

आधी मात्र ईएसआयचं विचारायचं. पगारातून कापत होते का? दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना ती योजना लागते. पगाराची मर्यादा २०१७ पासून २१,००० ठेवली गेली. ती लागू असेल तर इजेचे पैसे तिथून, महिन्यामहिन्याला. दोन्हीकडून मिळत नाहीत. आणि मालकानं नोंदच केली नाही म्हणून तुमचा हक्क बुडत नाही, त्यांच्या कचेरीत जाऊन बसायचं. ही योजना आभाळातून पडली नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कौन्सिलात मजूर खातं सांभाळत होते तेव्हा प्रा. अडारकरांनी १९४४ ला तिचा अहवाल दिला, कायदा १९४८ ला झाला.

ईएसआय लागू नसेल तर हिशेब ऐका. आणि लिहून घ्या, डोक्यात राहत नाही. पोराचा पगार १२,०००. त्याचे साठ टक्के ७,२००. वय तीस पुरं, कायद्याच्या तक्त्यातला गुणक २०७.९८. गुणाकार १४,९७,४५६. अंगठा पुरा गेला की तक्त्यात तीस टक्के. म्हणजे ४,४९,२३६ रुपये. वर महिन्याच्या आत दिले नाहीत म्हणून १२ टक्के व्याज, सबळ कारणाशिवाय उशीर केला तर निम्म्यापर्यंत दंड, आणि औषधपाण्याचा खर्च वेगळा. साडेचार लाखांच्या देण्यावर पाच हजार ठेवून माणसाकडून ‘देवमाणूस’ म्हणवून घ्यायचं. खोतसुद्धा एवढा स्वस्तात सुटत नव्हता.

मुदत दोन वर्षांची. याची मार्च २०२७ ला संपते. उशिराला सबळ कारण असेल तर आयुक्त माफ करू शकतात, पण त्यावर विसंबू नका. आणि १९९५ च्या दुरुस्तीपासून अर्ज मुंबईतच करायला हवा असं राहिलेलं नाही. अर्जदार जिथं राहतो तिथल्या आयुक्तांकडं करता येतो. गावी परत आलेल्या माणसाला आपल्या जिल्ह्यातून लढता येतं. माझा बाप इथून लढू शकला नसता, तुम्ही शकता.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेला. पुढच्या अपघातांना ती. आयुक्ताऐवजी ‘सक्षम प्राधिकारी’ म्हणायचं. मुदत तीच दोन वर्षांची. घरून कामावर जाता-येताना झालेला अपघातही, कामाशी संबंध दिसला तर, कामावरचाच धरायचा, असं संहितेत आता लिहिलेलंच आहे. जुन्या कायद्यात ते असं लिहिलेलं नव्हतं, आणि त्यापायी काय झालं ते सांगतो. उस्मानाबाद जिल्ह्यातला एक साखर कारखान्याचा रखवालदार. पहाटे तीनची ड्युटी. २२ एप्रिल २००३ ला मोटरसायकलवरून जाताना कारखान्यापासून पाचेक किलोमीटरवर मेला. आयुक्तांनी २००९ ला ३,२६,१४० रुपये दिले. २०११ ला हायकोर्टानं काढून घेतले : कारखान्याच्या बाहेर मेला ना, मग काय संबंध? जणू पहाटे अडीचला माणूस हवा खायला निघतो. सर्वोच्च न्यायालयानं ते पैसे परत दिले २९ जुलै २०२५ ला. बावीस वर्षं. त्याच्या बायकोनं सोडलं नाही, म्हणून मिळाले. लोकलला लटकून जाणाऱ्या प्रत्येकानं त्या बाईची आठवण ठेवावी.

आणि एक. ऑफिसचा किंवा सोसायटीचा चेंबर तुंबला की कोणाला हाक मारतात ते मी विचारत नाही. गोवंडीत डिसेंबर २०१९ ला सोसायटीची टाकी साफ करताना तीन माणसं गेली. त्यांच्या बायका हायकोर्टात गेल्या, सप्टेंबर २०२१ ला दहा-दहा लाखांचा आदेश झाला. २० ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं गटारमृत्यूची रक्कम तीस लाख केली, कायमच्या अपंगत्वाला किमान वीस लाख, इतर इजेला किमान दहा. पण रक्कम ऐकून कुणी खूश होऊ नका. सुरक्षेच्या साधनांविना टाकीत उतरवणं हाच २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. उतरू नका. हा एकच ठिकाणी मी भरपाई मागा म्हणत नाही, नाही म्हणा म्हणतो.

बाकी ठिकाणी कागद. पडलात की इस्पितळात डॉक्टरला सांगा, कामावर पडलो. ‘घरी पाय घसरला’ असं मुकादम सांगायला शिकवतो; ते केसपेपरवर चढलं की जन्मभर उतरत नाही. शिडीचा फोटो काढा, त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी ती शिडी नसते. मुकादमाला व्हॉट्सअॅपवर वेळ घालून कळवा आणि तो निरोप पुसू नका. पगार रोख मिळत असेल तर बरोबरच्या दोघांची नावं लिहून ठेवा. इंग्रजी कागद घरी नेऊन वाचतो म्हणा. साहेब चिडेल. आणि त्यानं बस म्हटलं तर बसा, खुर्ची आपलीच आहे. सही करू नका.

मी उद्या सकाळच्या चिपळूण गाडीपर्यंत इथंच आहे. ज्याच्याकडं असा कागद असेल त्यानं रात्री आणून दाखवावा. आणि तू, खिशातला हात काढ. आधी तुझा अर्ज लिहू.