फोटोच्या पाठीवर नांव लिहा
(लालबाग येथें एका शिक्षकानें केलेलें भाषण)



मी खेड्यांतला मास्तर. तुमच्यांपैकीं पुष्कळांचे वाडवडील आमच्याच बाजूचीं गांवें सोडून मुंबईस गिरणींत आले, म्हणून दोन शब्द हक्कानें बोलतों.

परवां इथल्या एका चाळींत गेलों. चाळ पाडावयाची, म्हणून आवराआवर चालली होती. रद्दींत शाळेचा जुना फोटो निघाला. तीन रांगा मुलें, मध्यें मास्तर. पाठीवर एक अक्षर नाहीं! घरच्या आजीबाईंनीं आपला भाऊ तेवढा ओळखला. बाकीचीं पोरें बेवारशी.

सरकारानें जमिनीची नोंद चोख ठेविली. १८६५ ते १८७२ पर्यंत लॉटनसाहेबानें मुंबईची मोजणी करून नकाशे काढले. त्यांत हद्दी सांपडतील. त्या हद्दींत राबलेला माणूस सांपडणार नाहीं. १८८४ सालीं नारायण मेघाजी लोखंडे यांच्या अर्जावर ५,५०० गिरणीकामगारांनीं सह्या केल्या. आंकडा पुस्तकांत राहिला. त्यांत आपला पणजा होता काय, हें कोणास सांगतां येतें?

सावकाराच्या वहींत आपलें नांव पिढ्यान्‌पिढ्या राहिलें. तें आपल्या घरांत कां राहूं नये? आज रात्रीं ट्रंक उघडा. म्हाताऱ्या माणसांस जवळ बसवा, रांगेनें एकेक चेहरा विचारा. नांव, गांव, शाळा, साल फोटोच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें लिहा. शाई पुढें उतरते. मोबाईलवर प्रत काढून शाळेसही द्या.

१९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, आतां चाळी जात आहेत. सांगणारीं माणसें जाण्याआधीं हें काम उरका.