दहा पौंडांचे घर
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



जुन्या वास्तूंविषयी चार शब्द बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार थोडा संशयास्पद आहे. तो का, हे शेवटी सांगूच. आरंभ मात्र एका परक्या घरापासून करितो.

इंग्लंडच्या ससेक्स परगण्यात आल्फ्रिस्टन नावाचे खेडे आहे. तेथे चर्चच्या शेजारी चौदाव्या शतकातील एक घर उभे आहे. त्यास ‘क्लर्जी हाउस’ म्हणतात. तो राजवाडा नव्हे, गढीही नव्हे. ओक लाकडाचा सांगाडा, त्याच्या चौकटींत कुडाच्या भिंती, वर गवताने शाकारलेले छप्पर. मधल्या दालनावर माळा नाही. पूर्वी तेथे जमिनीवरच विस्तव पेटे आणि धूर छपरातून वाट काढी. जमीन खडूची, चोपून घट्ट केलेली व आंबट दुधाने घोटलेली. कोकणातील कुडाच्या घरात, शेणाने सारवलेल्या जमिनीवर ज्यांनी पाट मांडून जेवण केले आहे, त्यांस हे वर्णन परके वाटू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे घर मोडकळीस आले व ते पाडण्याचा बेत झाला. गावच्या धर्मोपदेशकांनीच ते वाचविण्याची खटपट आरंभिली. १८९५ साली ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्स्ली यांनी नॅशनल ट्रस्ट ही संस्था स्थापिली होती. तिने १८९६ साली हे घर अवघ्या १० पौंडांस घेतले. ट्रस्टने विकत घेतलेली ही पहिली इमारत होय.

परंतु दहा पौंड हा सोपा भाग होता. दुरुस्तीसाठी लोकांपुढे हात पसरावे लागले. गवताचे छप्परही एकदा शाकारून भागत नाही. ते पुनःपुन्हा नवे करावे लागते. आज ते घर कायद्याने संरक्षित आहे. तथापि सरकारी सूचीतील नावाने गळती थांबत नाही. लाकूड वयाने मरत नाही. माथ्यावर छप्पर आणि पायाशी कोरडी जमीन असेल, तर ते शतके टिकते. पाणी मुरू दिले की तुळईचे टोक कुजते, आणि तुळईबरोबर भिंतही जाते.

आता आमच्या अधिकाराविषयी. आमचा वडिलोपार्जित वाडा सागवानी खांबांचा होता. माजघराच्या एका कोपऱ्यात पाणी गळे. भाऊबंदांपैकी प्रत्येकास वाटले, दुसरा कोणी पाहील. अनेक पावसाळे असेच गेले. अखेर तुळई खचली, वाडा धोकादायक ठरला, आणि तो पाडण्याच्या कागदावर आम्हीच सही केली. आम्हांस कोणी लुबाडले नाही. आम्ही वेळेवर कौले शाकारून घेतली नाहीत, इतकेच.

म्हणून विनंती एवढीच. ज्यांचे जुने घर अद्याप उभे आहे, त्यांनी मृगापूर्वी एकदा माळ्यावर चढून पाहावे. ज्यांस खर्च झेपत नाही, त्यांच्यासाठी मंडळाने दुरुस्तीचा लहानसा निधी उभारावा. पहिली वर्गणी आमची. वाड्याच्या मोबदल्यातून ती द्यावी लागते, याचे दुःख आहेच.