‘मी घर करलं’



तीन वर्षांचं मूल ‘मी घर करलं’, ‘बाबा बाजारात जाले’ असं म्हणतं आणि घरात हशा पिकतो. पाहुण्यांसमोर त्याला तेच पुन्हा म्हणायला लावतात. हे थांबवा, एवढंच मला आज सांगायचं आहे.

अहो, तुमच्या घरात ‘करलं’ म्हणतं कोण? आई नाही, आजी नाही. म्हणजे मुलानं ते ऐकलेलं नाही, घडवलेलं आहे. ‘बसलं, हसलं, पडलं’ ऐकता ऐकता त्यानं मनात एक सोऱ्या तयार केला. आता हाती येईल ते पीठ तो त्यात घालणारच! ‘केलं’, ‘गेलं’, ‘आलं’ या सोऱ्याच्या चकल्या नव्हेत, त्या हातानं वळायच्या. ते त्याला सावकाश कळतं.

इंग्रजी बोलणारी मुलं ‘गो’चं भूतकाळी रूप आधी ‘वेंट’ असं बरोबर म्हणतात, मग ‘गोएड’ म्हणू लागतात. आईबापांना वाटतं, पोर मागे गेलं. नाही हो, त्याला नियम सापडला! भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवलं, त्याला ‘वग’ म्हटलं. मग दोन प्राणी दाखवले. मुलं म्हणाली, ‘वग्ज’. हा शब्द त्यांनी जन्मात ऐकला नव्हता.

सोऱ्या किती सरळ चालतो, हे भाषेवरही असतं. तुर्की भाषेत प्रत्यय स्पष्ट, अपवाद फार थोडे. तिथला सोऱ्या सरळ चालतो. दोन वर्षांच्या आसपासच मुलं विभक्ती बिनचूक लावतात. आपल्याकडे मात्र लिंग, वचन, अपवाद असं बरंच सांभाळावं लागतं.

वेळ संपत आला, म्हणून मुद्दा परत सांगते: हसू नका आणि बरोबर रूप घोकवूनही घेऊ नका. अमेरिकेतल्या एका आईनं मुलाचं एक वाक्य आठ वेळा सुधारून पाहिलं. भाषेचे अभ्यासक डेव्हिड मॅक्नील यांनी ते १९६६ साली नोंदवलं आहे. शेवटी मुलानं जुनी चूक तशीच ठेवली, वर एक नवी घातली.

मूल ‘मी घर करलं’ म्हणालं, तर ‘अरे वा, किती छान घर केलंस! आत कोण राहतं?’ असं विचारा आणि त्याला पुढे बोलू द्या.