गरिबाचं पहिलं रिव्हॉल्वर

(तालुक्याच्या गावी भरलेल्या युवक शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



विषय ऐकल्याबरोबर पुढच्या रांगेतली पोरं सावरून बसली. बसा, पण सिनेमातलं रिव्हॉल्वर आधी डोक्यातून काढा. सिनेमातल्याला परवाना लागत नाही, काडतुसं विकत घ्यावी लागत नाहीत आणि त्याच्या घरी एकाच खोलीत सहा माणसं झोपत नाहीत. आपल्याला हे सगळं आहे. मी फौजेत वीस वर्षं हत्यारं खोलली, पुसली, जोडली. म्हणून मला इथं उभं केलंय. मला घोषणा येत नाहीत, घोडा आणि चाप यातला फरक येतो.

प्रश्न असा आहे. वस्तीवर एकदा हल्ला झालाय. पुन्हा येऊ, अशी धमकी आहे. घरातल्या कर्त्या बाप्याला किंवा बाईला वाटतं, जवळ हत्यार असावं. गाठीला पैसा थोडा. मग पहिलं रिव्हॉल्वर घ्यायचं ते कुठलं?

कुठलं घ्यायचं नाही ते आधी सांगतो. गावठी कट्टा. स्वस्त मिळतो म्हणून पोरं त्याच्याकडे वळतात. त्याची नळी म्हणजे पाण्याचा पाइप नाहीतर गाडीच्या स्टिअरिंगचा दांडा. त्यात काडतुसाचा दाब सहन करायची ताकद नाही. फुटला की समोरचा वाचतो आणि धरणाऱ्याची बोटं जातात. शिवाय विनापरवाना हत्यार बाळगलं तर शस्त्र कायद्याच्या कलम २५ खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, कमीत कमी दोन वर्षं आणि जास्तीत जास्त पाच वर्षं आत. पण याहून वाईट वेगळंच होतं. आपण अ‍ॅट्रॉसिटीची फिर्याद द्यायला ठाण्यात जातो आणि आपल्याच पोराच्या कमरेला कट्टा निघतो. संपलं. फिर्यादीचा आरोपी होतो, गावचे धनदांडगे दारात चहा पीत बसतात. त्यांना एवढंच हवं असतं.

म्हणजे घ्यायचं ते परवान्याचं. आणि इथंच आपला माणूस म्हणतो, परवाना आपल्याला कोण देतो? तो पाटलाला, कंत्राटदाराला, आमदाराच्या मेव्हण्याला.

खरं आहे. १८७८ साली लॉर्ड लिटनच्या राज्यात शस्त्र कायदा आला. गोऱ्याला सूट आणि काळ्याला परवाना. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा आला, १९६२ पासून लागू झाला. गोरा गेला, पण परवाना ज्याच्या ओसरीवर टांगलेला होता तिथंच राहिला. पीक राखायला म्हणून बंदूक मिळते. ज्याला शेतच नाही त्यानं काय राखायचं? पण याच १९५९ च्या कायद्यात एक ओळ आहे, ती कुणी आपल्याला वाचून दाखवत नाही. कलम १४, पोटकलम २. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही. टेबलामागचा साहेब जमिनीचा उतारा मागून हसला, तर हे कलम त्याच्यासमोर ठेवायचं. नाकारायचं असेल तर त्यानं कारण लेखी नोंदवलं पाहिजे, मागितल्यावर बहुतेक प्रकरणांत आपल्याला दिलं पाहिजे, आणि कलम १८ खाली आपल्याला अपील आहे. तोंडी नकार घेऊन घरी यायचं नाही.

दुसरा कागद याहून मोठा. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. नियम ३ वाचा. अत्याचाराची शक्यता असलेला भाग शासनानं हुडकायचा. तिथं गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या माणसांना जीव आणि मालमत्ता राखण्यासाठी शस्त्रपरवाने द्यायचे. हे मी म्हणत नाही, भारत सरकार म्हणतं. “गरज वाटल्यास” हे दोन शब्द आहेत, आणि सगळी मेख त्यातच आहे. गरज मरणाऱ्याला वाटून चालत नाही, शासनाला वाटावी लागते. म्हणून अर्जात नुसतं “स्वसंरक्षणासाठी” लिहू नका. गुन्हा नोंद क्रमांक, तारीख, धमकीची तक्रार आणि नियम ३ असं सगळं लिहा.

अर्ज नमुना अ-१ मध्ये. वय २१ पुरं हवं. शहरात पोलीस आयुक्ताकडे, जिल्ह्यात कलेक्टर कचेरीत. २०१६ च्या नियमांत हत्यार सुरक्षित हाताळायचं प्रशिक्षण आहे, आणि ते कुलपात ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. या दोन्हीला पैसा लागतो, तो हिशेबात धरा.

आता हत्याराकडे येऊ.

आपल्या देशात साध्या नागरिकाला .३२ बोअरचं रिव्हॉल्वर मिळतं. .३८ मिळत नाही, कारण ते फौज-पोलिसांच्या काडतुसाचं. बंदी बोअर म्हणतात त्याला. .३२ चं काडतूस मवाळ आहे. धक्का कमी, आवाज त्या मानानं कमी. मर्दानगीवाले नाक मुरडतात. मुरडू द्या. पहिल्यांदा हातात धरणाऱ्याला मवाळच बरं, कारण धक्क्याला घाबरलेला माणूस चाप ओढताना डोळे मिटतो. ही काडतुसं आपल्या पुण्याच्या खडकीची. तिथला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासूनचा आहे.

रिव्हॉल्वरं बनतात कानपूरला. जुनं साधं मॉडेल म्हणजे मार्क तीन. सहा गोळ्यांचं, वरून मोडून उघडणारं, इंग्रजांच्या वेब्लीच्या घडणीचं, वजन पाऊण किलोच्या आसपास. २०१४ साली त्याचंच हलकं रूप काढलं. ५०० ग्रॅमचं, नाव निर्भीक. दिल्लीत डिसेंबर २०१२ मध्ये जी मुलगी मारली गेली तिच्या आठवणीचं नाव, आणि बायकांसाठी म्हणून किंमत ठेवली १ लाख २२ हजार ३६० रुपये. कुठल्या बायकांसाठी, ते किमतीवरून कळतं. ऊसतोडीच्या बाईसाठी नाही. २०२१ मध्ये सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या. त्यातल्या कानपूरच्या कंपनीनं २०२३ मध्ये प्रबल नावाचं रिव्हॉल्वर काढलं. ७६ मिलिमीटर नळी, ७०० ग्रॅम वजन, आणि सिलिंडर बाजूला उघडतो. किंमत १ लाख ४० हजारांच्या आसपास सांगितली होती. उत्तर प्रदेशात संडीला इथं वेब्लीच्या नावानं खाजगी कारखान्याचीही .३२ निघू लागली, ती काही स्वस्त नाहीत. मध्यंतरी ईशापूरच्या कारखान्यानं .२२ चं निडर काढलं होतं. २५० ग्रॅम, किंमत ३५ हजारांच्या आसपास. ऐकायला गोड वाटतं. पण .२२ चं काडतूस फारच हलकं, आणि त्याच्या बुडाच्या कडेवर घोडा आपटतो तेव्हा ते कधीकधी पेटत नाही. धमकी असलेल्या घरात मी ते पहिलं हत्यार म्हणून सांगणार नाही.

त्यात कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्वर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. करापूर्वीचा भाव १ लाख असेल तर आधी २८ हजार कर होता, आता ४० हजार. याच ४० टक्क्यांच्या खान्यात श्रीमंतांच्या नौका बसतात. सरकारच्या लेखी आपला जीव वाचवणं ही चैन आहे!

म्हणून कुणी म्हणतं, जुनं घेऊ. अमेरिकेत पोलिसांनी वापरून काढून टाकलेली जुनी रिव्हॉल्वरं गरिबाला परवडत. तिथं गरिबाच्या स्वस्त रिव्हॉल्वरला “सॅटर्डे नाइट स्पेशल” असं तुच्छतेचं नाव पडलं, आणि १९६८ च्या कायद्यानं छोट्या स्वस्त हत्यारांची आयात बंद झाली. त्याच्या आधीच्याच वर्षी कॅलिफोर्नियात, ब्लॅक पँथर्स भरलेल्या बंदुका घेऊन उघड फिरतात म्हणून, तसं फिरण्यावर बंदी घालणारा मल्फर्ड कायदा झाला. १९७२ मध्ये आपल्याकडच्या पोरांनी नाव घेतलं ते त्याच पँथर्सचं. गोऱ्याच्या घरातल्या दहा रायफली देशभक्तीच्या आणि काळ्याच्या हातातली एक गुन्ह्याची, हा हिशेब आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

पण आपल्याकडे जुन्याचा भाव उलटा आहे. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद पडली. त्यामुळे जुनं कोल्ट, स्मिथ, वेब्ली म्हणजे सोनं. हौशी माणूस त्याला नव्या कानपुरीच्या कितीतरी पट मोजतो. त्या नादाला लागू नका. जुनं घ्यायचं तर जुनं कानपुरीच. एखादा परवानाधारक मेलेला असतो, वारसाला ठेवायचं नसतं, आणि दुकानदाराकडे ते पडून असतं. ते नव्यापेक्षा स्वस्त पडतं. मात्र खालच्या गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे काढायचे नाहीत.

हातात घेताच उघडा आणि रिकामं आहे का ते स्वतः बघा. दुकानदार “रिकामं आहे” म्हणाला तरी बघा. मग नळीतून उजेडाकडे पाहा. आत काळी कडी दिसली तर नळी कधीतरी फुगलेली आहे, परत द्या. गंजाचे खड्डे खोल असतील तर परत. मग मिटवून घोडा हळूहळू मागं ओढा. घोडा अडकायच्या आत सिलिंडर जागेवर “टक्” करून बसला पाहिजे. सहाही घरांना हे करा. पाच बरोबर आणि सहावं ढिलं, असंही निघतं. बसलेला सिलिंडर बोटानं हलवा. जरासा हलणारच, खुळखुळला तर घर आणि नळी समोरासमोर येत नाहीत, आणि मग ते फटीतून शिसं थुंकतं. ओढलेल्या घोड्याला अंगठ्यानं पुढं दाबा. चाप न ओढता पडला तर ते हत्यार नाही, अपघात आहे. वरून मोडणाऱ्याची कडी सैल नको. शेवटी, हत्यारावर कोरलेला क्रमांक कागदाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. पॉलिश चमकतं की नाही याला माझ्या लेखी काही किंमत नाही. कानपूरची सफाई नव्या मालातही ओबडधोबडच असते, म्हणून नव्यालाही हीच तपासणी लावा.

बहिणींनी एक गोष्ट जास्तीची बघावी. घोडा न चढवता नुसता चाप ओढून पाहा. चाप जड असतो. दोन बोटं लावावी लागली तर दुसरा नग मागा. नवऱ्यानं निवडून आणलेलं चालत नाही, ज्याचा हात त्याची निवड.

तर माझं मत विचारलंत तर सांगतो. थोड्या पैशात पहिलं हत्यार म्हणजे कानपूरचं साधं .३२, सहा गोळ्यांचं, तपासून घेतलेलं जुनं. ते नाही मिळालं तर नव्यातलं सगळ्यात साधं. हलक्या धातूचे जादा पैसे देऊ नका. उरलेले पैसे काडतुसं, सराव आणि भिंतीत ठोकलेल्या लोखंडी पेटीवर घाला. वर्षाला काडतुसं किती घ्यायची ते परवान्यावर लिहिलेलं असतं, तेव्हा ती मोजून वापरा. चामड्याचं घर घ्यावं लागेल, तेवढं मात्र आपलाच माणूस शिवतो! ज्याला फक्त बँकेत नाहीतर एटीएमवर राखणदाराची नोकरी हवी आहे, त्यानं रिव्हॉल्वरच्या नादाला लागू नये. बारा बोअरची बंदूक त्याला खूप स्वस्त पडते आणि नोकरीत तीच मागतात.

आणि ज्या घरात दारू आहे तिथं हत्यार नको. मी स्पष्ट बोलतो, राग आला तर येऊ दे. पत्र्याच्या एका खोलीत पेटी उघडी राहिली तर पहिली गोळी पाटलाला लागत नाही. ती पोराला लागते, नाहीतर बायकोला.

आता शेवटची बाब, कारण तुमच्यातले काहीजण मनात सैन्य उभं करतायत. १ डिसेंबर १९९७ च्या रात्री बिहारात लक्ष्मणपूर बाथे इथं रणवीर सेनेनं ५८ माणसं मारली. २०१३ मध्ये पाटण्याच्या हायकोर्टात २६ जण सुटले. तिथं एखाद्या झोपडीत .३२ चं रिव्हॉल्वर असतं तर काय झालं असतं? सहा गोळ्या आणि समोर बंदूकधारी टोळी. रात्री एकटा वस्तीवर येणारा गुंड त्यानं थबकतो, टोळी थबकत नाही. टोळीची हत्यारं आधीच काढून घ्यावी लागतात.

त्यासाठी तोच नियम ३ पुन्हा उघडा. आपल्याला परवाने द्यायचं कलम आहे त्याच्या आधीची दोन कलमं वाचा. धोक्याच्या भागात बिगर-अनुसूचित माणसांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे, स्नेह्यांचे परवाने गरज वाटल्यास रद्द करून हत्यारं सरकारी शस्त्रागारात जमा करता येतात. बेकायदा हत्यारं जप्त करायची. या मागणीला जीएसटी नाही. निवडणुकीत शेकडो परवान्यांची हत्यारं ठाण्यात जमा होतात, ती जमा करायची यंत्रणा आहे, रजिस्टर आहे, शिपाई आहे. मतपेटीसाठी जे जमतं ते आपल्या जिवासाठी का जमू नये?

म्हणून पहिला अर्ज रिव्हॉल्वरचा नको. पहिला अर्ज, आमच्या गावात परवान्याची हत्यारं कुणाकुणाकडे आहेत त्यांचा आढावा घ्या आणि नियम ३ प्रमाणे जमा करा, असा. पोच घ्या, शिक्का घ्या. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर तोच कागद तुमच्या अ-१ अर्जाला जोडा.

नमुने मी आणलेत, मागच्या बाकावर ठेवलेत. ज्यांच्या गावात गेल्या वर्षभरात गुन्हा नोंदला गेलाय त्यांनी आधी पुढं या, बाकीच्यांचं दुपारी बघू. आणि ते खेळण्यातलं पिस्तूल कुणी आणलंय ते पिशवीत घाला, बाहेर जीप उभी आहे.