काम संपलं, सामान उरलं



मदत येते तेव्हा फोटो निघतात, हार-तुरे होतात. काम आटोपल्यावर जे सामान उरतं त्याचा फोटो कोणी काढत नाही. त्या उरलेल्या सामानाबद्दल आज बोलायचं आहे.

कोविडच्या लाटेतला २०२१ चा एप्रिल-मे आठवा. तेल्हाऱ्यापासून मुंबईपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी ऑक्सिजन होता. कोणाला अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात बेड मिळत नव्हता, कोणी सिलिंडरसाठी रात्रभर गाडी फिरवत होतं. तेव्हा संस्था, कंपन्या, गावची मंडळं, परदेशात गेलेली गावची पोरं, जो तो ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर पाठवत होता. पीएम केअर्समधून देशभरात १२०० हून जास्त ऑक्सिजन प्लांट उभे राहिले. मग लाट ओसरली, कोविड सेंटरच्या गाद्या गुंडाळल्या गेल्या, स्वयंसेवक घरी गेले. यंत्रं तिथंच राहिली.

कॉन्सन्ट्रेटरचं हे यंत्र आतून कसं चालतं ते थोडं सांगतो, कारण सगळी मेख तिथंच आहे. आत झिओलाइट नावाच्या बारीक खड्यांनी भरलेल्या नळकांड्या असतात. कॉम्प्रेसर खोलीतली हवा दाबून त्यांतून सोडतो, नायट्रोजन खड्यांत अडकतो आणि पुढं जवळपास ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन निघतो. या खड्यांचा वैरी म्हणजे ओल. यंत्र दमट खोलीत पावसाळाभर बंद पडून राहिलं की खडे हळूहळू कामातून जातात. नंतर बटण दाबलं तर दिवा लागतो, कॉम्प्रेसर धडधडतो, नळीतून वाराही येतो. त्या वाऱ्यात ऑक्सिजन किती, हे हाताला कळत नाही. काही यंत्रांत शुद्धता घटली की इशाऱ्याचा दिवा लागतो, पण साऱ्याच यंत्रांत तशी सोय नसते. विहिरीवरची मोटर वापरात नसली तरी आपण अधूनमधून चालवून पाहतो ना, तेवढीच काळजी इथं हवी होती.

बरं, गरज संपली आहे का? मुळीच नाही. चुलीच्या धुरात जन्म काढलेल्या कितीतरी म्हाताऱ्या बाया आज सीओपीडी या फुप्फुसाच्या जुनाट आजारानं बेजार आहेत. त्यांतल्या काहींना डॉक्टर घरी दिवसातून १५-१५ तास ऑक्सिजन घ्यायला सांगतात. अशा घरी यंत्र देणं हे चांगलंच काम. पण ५ लिटरचं यंत्र साधारण ३५० वॅट वीज खातं. १५ तास चालवलं तर रोजचे पाच युनिट, महिन्याचे दीडशेच्या वर. फुकट आलेल्या यंत्रामागून असं बिल येतं, आणि हिवरखेड किंवा दानापूरसारख्या गावात लाइन गेली की काय करायचं, हा प्रश्न उरतोच. यंत्र देणाऱ्यानं या दोन गोष्टी आधी विचारल्या पाहिजेत. शिवाय नाकातली नळी, फिल्टर, पाण्याची बाटली कुठं मिळते आणि बिघडलं तर कोणाला बोलवायचं, हे यंत्रावरच मराठीत लिहून चिकटवावं. पुस्तिका बहुतेकदा इंग्रजीत असते, आणि ती पहिल्या आठवड्यातच हरवते.

हेच यंत्र सरकारी दवाखान्याला दिलं तर वेगळीच तऱ्हा. तिथं आलेली वस्तू जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेडस्टॉक रजिस्टरात, चढते. एकदा चढली की ती मोडली तरी फेकता येत नाही. नोंदीतून काढायचा म्हणजे निर्लेखनाचा प्रस्ताव, तपासणी, मंजुरी, मग लिलाव. तोवर ती एका खोलीत पडून राहते आणि दवाखान्यातल्या खोल्या काही वाढत नाहीत. म्हणून बिघडलेलं किंवा सुटे भाग न मिळणारं यंत्र दवाखान्याच्या गळ्यात मारणं याला मी दान म्हणणार नाही. आपली अडगळ दुसऱ्याच्या नोंदवहीत ढकलणं झालं ते.

अडचण अशी, की घेणारा नको म्हणत नाही. दारात आलेल्याला नको कसं म्हणायचं, उद्या पुन्हा त्याच्याकडेच हात पसरायचा आहे, हा संकोच आपल्या रक्तात आहे. अख्ख्या देशांनाही तो जड गेला. १९८८ च्या भूकंपानंतर आर्मेनियात जगभरातून ५००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान येऊन पडलं. ते निवडायला ५० माणसं सहा महिने राबत होती. १९९२ ते १९९६ या काळात बोस्नियात १७,००० टन निरुपयोगी औषधं गोळा झाल्याचा अंदाज आहे. अशा अनुभवांनंतर जागतिक आरोग्य संघटनेनं १९९६ मध्ये औषधदानाचे नियम काढले. घेणाऱ्याच्या गरजेप्रमाणेच द्या, औषध पोचल्यावर त्याची मुदत निदान वर्षभर उरलेली असावी, आणि जे आपल्या देशात चालणार नाही ते दुसऱ्याला देऊ नका. आरोग्य शिबिर आटोपल्यावर गोळ्यांच्या उरलेल्या पट्ट्या गावच्या डॉक्टरकडे पोचवणाऱ्या मंडळांनी शेवटचा नियम पाठच करावा.

सगळं उरलेलं सामान असं त्रासदायक नसतं, हेही खरं. गावांनी श्रमदानातून पाणी अडवायची पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ साली सुरू झाली तेव्हा पहिल्या तीन तालुक्यांत आपल्या अमरावतीचं वरुड होतं. पुढच्या वर्षी शेजारचं अकोट, पातूर आणि बार्शीटाकळी आले. ४५ दिवस श्रमदान. अशा कामातून उरलेल्या टिकासाला, पावड्याला, घमेल्याला ना फिल्टर लागतो ना लाइन. दांडा मोडला तर गावातच बसवून मिळतो. प्रश्न एकच, ते ठेवायचं कोणाच्या घरी. पुढाऱ्याच्या वाड्यात ठेवलं तर मागायला जायची चोरी. शाळेत नाहीतर बचत गटाकडे ठेवा, वही घाला, नेणाऱ्याची सही घ्या.

कपड्यांचं म्हणाल तर २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे ढीग पडले होते. कोळ्यांच्या बायकांना ते नको होते. 'गूंज' या संस्थेनं असे कपडे निवडले आणि निरुपयोगी सुती कापडातून बायकांसाठी पाळीचे पॅड करायला घेतले. इतकी मेहनत सगळ्यांना जमत नाही.

माझ्या मते, उरलेलं पुढच्या कामाला लावण्याचं आपल्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण पुण्याजवळच्या वाघोलीचं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. भारतीय जैन संघटनेचे शांतिलाल मुथ्था यांनी तिथली सुमारे १२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला आणली. ती मुलं शिकून बाहेर पडली. त्यांच्या वाघोलीच्या वसतिगृहाला तेव्हा कुलूप लागलं असतं, पण तिथं आपल्या मेळघाटातली आदिवासी मुलं आली आणि पुढं आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतली मुलं. तिथं इमारतीबरोबर तिच्यातली माणसं, स्वयंपाकी, शिक्षक, मुलांना सांभाळायची सवय, हे सगळंही पुढच्या कामाला मिळालं. नुसतं सामान देऊन हे साधलं नसतं.

आता कामाचं बोलतो. ज्या मंडळाकडे, ट्रस्टकडे कॉन्सन्ट्रेटर पडून आहे त्यांनी आधी जाणकाराकडून त्याची शुद्धता मोजून घ्यावी. ठीक निघालं तर गावातल्या रुग्णसाहित्य केंद्राला द्यावं. वॉकर, कमोड खुर्ची, पलंग जसे अनामत घेऊन देतात तसंच हेही फिरतं राहील. ठीक नसेल तर लाजू नये. इ-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राला द्यावं, पावती घ्यावी, चार पैसे आले तर त्यातून शेजारच्या चालू यंत्राचा फिल्टर घ्यावा.